मायनं फेकलेले विमानाचे पाने

साठच्या दशकाच्या सुरुवातीला विमानदुरुस्तीच्या नोकरीचं पत्र आलं आणि अमरावतीच्या आमच्या घरात मायचा अबोला सुरू झाला. दुरुस्तीवाल्याला विमानासोबत उडावंही लागे, आणि तिचा सख्खा भाऊ शेतात वीज पडून गेला होता. तिच्या होकाराशिवाय जायला माझं मन धजेना. अकोल्याजवळ शिवणीच्या धावपट्टीवर कुणा बड्या साहेबांचं डकोटा विमान उतरणार, असं कळलं. त्याचे मेकॅनिक नानाभाऊ माझ्या ओळखीचे. म्हटलं, हिला विमानच दाखवू.

सकाळची एसटी धरली. बडनेरा सोडल्यावर दोन्हीकडे बोंडांनी लगडलेली कपाशी. मूर्तिजापूरला गाडी थांबते तिथली भजी जरूर खा. चहा मात्र शिवणी फाट्यावर उतरल्यावरच घ्या. तिथून धावपट्टी पायी.

"इमानावर ईज पडते काय?" विमानाजवळ पोचताच मायनं नानाभाऊंना थेट विचारलं.

"पडते ना, मावशी," नानाभाऊ म्हणाले. "पण पत्र्यावरून वायते अन् दुसऱ्या टोकानं निंघून जाते. आतल्याले काई होत नाई." पंखाच्या टोकावरचा ज्वारीच्या दाण्याएवढा जळका डाग त्यांनी दाखवला. उभ्या विमानाला जमिनीशी जोडणारी तार दाखवली. ढग जवळ आले की पेट्रोल भरणं बंद करून सगळे लांब होतात, हेही सांगितलं.

तेवढ्यात बाळापूरच्या अंगाला गडगडलं. वीज कडाडली की आमच्याकडे घरातलं लोखंड अंगणात फेकतात. मायनं नानाभाऊंची हत्यारांची पेटी उघडली आणि एकेक लोखंडी पाना गवतात भिरकावला. मग डकोटाकडे बघून म्हणाली, "आता याले कुठं फेकू?"

मी शरमेनं मेलो. नानाभाऊ पोटभर हसले, पण लगेच गवतात शिरले. ढग तिकडूनच सरकून गेले. बाकी पाने सापडले, एक सापडेना. साहेब घड्याळ बघत येरझारा घालू लागले.

"पाना भेटल्याबिगर इमान हालत नाई," नानाभाऊंनी त्यांना सुनावलं.

शेवटी तो मायलाच तरोट्याच्या झुडपात सापडला. "येवढ्याशा पान्यासाठी सायेबाले थांबवलं तुमी?"

"इमानात कुठं अडकला असता तर, मावशी? आत माणसं बसतात."

घरी परतून जेवण झाल्यावर माय म्हणाली, "इजेचं भेव काई गेलं नाई माह्यं. पण तेथचे माणसं जिवाले जपतात. जाय तू." इतका आनंद मला नोकरीच्या पत्रानंही झाला नव्हता.

पुढे दोनदा वीज आमच्या विमानावरून गेली. मोठा आवाज, डोळ्यांपुढे पांढरा लखलखाट, आणि आम्ही सुखरूप खाली. दोन्ही वेळा मायला पत्रात लिहिलं, हवा छान होती. दुसऱ्या पत्राला तिनं शेजाऱ्याकडून उत्तर लिहवून घेतलं: "हवेचं नोको लिवू. उतरलो, येवढंच लिव."