लाइटमामा आणि शेवटची गाडी

लाइटमामांनी उभ्या आयुष्यात घड्याळ बघून दिवा लावला नाही. संध्याकाळी रस्त्यावरच्या दिव्यांच्या पहिल्या पेटीपाशी सायकल टेकवून ते उजवा हात डोळ्यांपुढं धरायचे आणि तळव्याकडं बघत उभे राहायचे. तळहातावरच्या रेषा दिसेनाशा झाल्या की खटका वर. आषाढात आभाळ भरून आलं तर रेषा पाचलाच जायच्या. चैत्रात सात वाजून गेले तरी हटायच्या नाहीत. नगरपालिकेच्या वहीत मात्र बाराही महिने एकच वेळ लिहिलेली असे, सायंकाळी पावणेसात. साहेबांना वेळ ठरलेली लागते, म्हणून. मामा म्हणायचे, "सूर्याला वही दावून बगितली, त्यो ऐकंना. मग म्हनलं, वही सायबांची आनि सूर्य आपला."

त्यांचं नाव दस्तगीर. गावाचं नाव लिहीत नाही, कारण या गोष्टीतले काही साहेब अजून नोकरीत आहेत. सांगली जिल्ह्यातलं, शिराळ्याकडच्या बाजूचं, एवढं पुरे. गावात रस्त्यावरच्या दिव्यांच्या अकरा पेट्या होत्या आणि त्या अकराही पेट्यांचे खटके मामा रोज सायकलवरून फिरून वरखाली करत. हे काम ते रोजंदारीवर करायचे. प्रत्येक नवे साहेब आले की त्यांना कायम करण्याचा शब्द देत आणि बदली होताना तो शब्द पुढच्या साहेबांच्या हवाली करून जात.

नऊनंतर एक सोडून एक दिवा बंद करायचा, असा नगरपालिकेचा हुकूम होता. मामा तो पाळत, पण आपल्या पद्धतीनं. कुणाच्या घरी आजारी माणूस असलं, कुणाच्या दारात मांडव असला, कुणाची बाळंतपणाची वेळ जवळ आली असली, की त्या गल्लीतले सगळे दिवे चालू राहायचे. एकदा एका नगरसेवकांनी त्यांना विचारलं की आमच्या गल्लीत अंधार आणि त्या गल्लीत उजेड, हा कुठला न्याय? मामांनी शांतपणे सांगितलं, "तुमच्या घरात समदी ठणठणीत हायती, म्हनून." आणि वर म्हणाले, "दिवा खांबाचा न्हाई, खालनं जानाऱ्याचा आसतोय."

खालून जाणाऱ्यांत पुढं मीही आले. माझे वडील, आण्णा, पिठाच्या गिरणीत कामाला. आमच्या घरात दहावीपुढं कुणी गेलेलं नव्हतं आणि मला सांगलीच्या इंजिनियरिंग कॉलेजात जागा मिळाली होती. जाऊन येऊन करायचं ठरलं. शेवटची गाडी साडेनवाला यायची. स्टँडपासून आमच्या वस्तीपर्यंतचा रस्ता दोन्ही बाजूंच्या उसातून जायचा आणि एक सोडून एक दिव्यांत तो नुसता ठिपक्याठिपक्यांचा दिसे. आण्णा गिरणीतून दहाच्या आत सुटत नसत. दोन महिन्यांत लोक बोलू लागले आणि आण्णांनी कॉलेज बंद करायचं मनावर घेतलं. ते मामांच्या कानावर गेलं. मामा थेट गिरणीत आले आणि चालू जात्याच्या आवाजावरून ओरडून म्हणाले, "आण्णा, पोरगी घरात शिरल्याबिगर मी खटक्याला हात लावत न्हाई. मग तर झालं?"

चार वर्षं त्यांनी तो शब्द पाळला. मी गाडीतून उतरले की ते स्टँडवरच्या बाकावरून उठत आणि फक्त "जा" म्हणत. घरी पोचल्यावर मी दाराबाहेरचा बल्ब विझवायचे. तो स्टँडवरून दिसायचा. तो विझला की माझ्यामागं रस्त्यावरचे एक सोडून एक दिवे जात. हंगामात उसाच्या ट्रेलरांमागं अडकून गाडी तास-तास उशिरा आली, तरी मामा बाकावर आणि दिवे चालू. एकट्या मुलीसाठी गावाचा रस्ता जागा ठेवला जातो, याचं ओझं मला तेव्हा वाटलं नाही. आता वाटतं.

पदवी मिळाल्यावर गावानं सत्कार केला. पाहुणे बोलताना रंगात आले आणि मी रस्त्यावरच्या खांबाखाली बसून अभ्यास केला, असं त्यांनी सांगून टाकलं. टाळ्या पडल्या. मी त्या घेतल्या. मामा मात्र मागच्या खुर्चीवरून उठले. "सायेब, त्या खांबाखाली गटार हाय. तितं कोन बसंल? पोरगी घरात शिकली." सभा हसली, आणि पाहुण्यांनी पुढचं भाषण पाण्याच्या योजनेवर केलं.

मला नोकरी लागली ती सांगलीतल्या एका कंपनीत. गावोगावचे दिवे एका खोलीतून चालवायचे, हे तिचं काम. भिंतीवर मोठा पडदा, पडद्यावर नकाशा, नकाशावर प्रत्येक खांबाचा एक ठिपका. लागला की हिरवा, बिघडला की लाल. सूर्य मावळायची वेळ यंत्राला पाठ, रहदारी ओळखायला खांबावर सेन्सर, रस्ता मोकळा असेल तर उजेड आपोआप कमी. दोन वर्षांत आमच्या गावाचं कामही कंपनीकडं आलं आणि गावची मुलगी म्हणून ते माझ्याकडं दिलं गेलं. मला फार अभिमान वाटला होता.

उद्घाटन दुपारी बाराला झालं, कारण पाहुण्यांना संध्याकाळी आणखी दोन उद्घाटनं होती. त्यांनी मोबाइलवर बोट ठेवलं, निवेदकानं गाव उजळल्याचं जाहीर केलं आणि भर उन्हात लोकांनी विश्वासावर टाळ्या वाजवल्या. मामा तेवढे डोळ्यांवर हात धरून खांबाखांबाखालून फिरत होते. परत येऊन म्हणाले, तेरावा लागला नाही. आमच्या वरिष्ठांनी त्यांना लॅपटॉपवरचा तेराव्या खांबाचा हिरवा ठिपका दाखवला. मामांनी तो नीट बघितला आणि म्हणाले, "मग रातच्याला पडद्याखालनं चालायचं व्हय?"

तक्रारीसाठी ॲप होतं. त्यात खांबाचा नंबर टाकल्याशिवाय तक्रार जात नसे, आणि नंबर खांबावर इतक्या उंच रंगवला होता की वरचा दिवा चालू असल्याशिवाय वाचता येत नसे. त्यामुळं बंद दिव्यांच्या तक्रारी आल्याच नाहीत. पहिल्या अहवालात 'तक्रारी : शून्य' अशी ओळ होती. त्याखाली 'मनुष्यबळ : शून्य' अशी दुसरी. पेट्यांना कुलपं लागली होती. खटका नाही तर खटकेवाला कशाला? दोन्ही ओळी मी लिहिल्या. मामांना कळवायचं धाडस मला झालं नाही; नगरपालिकेतल्या कारकुनानं त्यांना माझ्या सहीचा कागद दाखवला. पुढं एकदा भेटले तेव्हा एवढंच म्हणाले, "सई झ्याक करतीस गं."

त्यानंतर काही महिन्यांनी माझ्या पडद्यावर एक गोष्ट दिसू लागली. आमच्या स्टँडच्या रस्त्यावर रोज दहाच्या आत-बाहेर एकेक दिवा पूर्ण उजेडावर यायचा, पण मोटारीच्या वेगानं नाही, बैलगाडीच्या. वस्तीपर्यंत जायचा आणि थोड्या वेळानं तसाच परत यायचा. वरिष्ठ म्हणाले, सेन्सर खोटं बोलतोय, जाऊन बदल. मी त्याच शेवटच्या गाडीनं गेले.

माझ्यामागून तीन मुली उतरल्या, पाठीवर कॉलेजच्या बॅगा. समोर मामा जुन्या मोपेडवर एक पाय टेकून बसलेले. मुली दिसताच त्यांनी मोपेड सुरू केली आणि चालणाऱ्या माणसाच्या वेगानं उसातल्या रस्त्याला लागले. ते पुढं, मुली मागं. मोपेड खांबाजवळ गेली की दिवा मोठा होई आणि मुली त्या उजेडातून पुढं जात.

ते परत येईपर्यंत मी बाकावर थांबले. आमचा सेन्सर स्वस्तातला होता. त्याला गाडी कळायची, चालणारं माणूस कळायचं नाही. हे मला कागदावर ठाऊक होतं.

"तुजं यंत्र मानूस वळकत न्हाई," मामा म्हणाले. "मोपेड वळकतंय. म्हनून मोपेड आनली."

मी म्हटलं, मामा, मला सांगायचं की.

"कवा सांगू? ॲप खांबाचा नंबर मागतंय." मग मोपेड बंद करून हळू आवाजात म्हणाले, "त्यातल्या धाकटीचा बा म्हनतोय, आंधारातनं येती, कालिज बास झालं. त्येला म्हनलं, दम काढ गड्या. किती दिस काढंल, ठावं न्हाई."

सांगलीला परतल्यावर मी त्या रस्त्याचे दिवे मोठे ठेवायची सूट यंत्रात शोधली. सूट फक्त 'विशेष कार्यक्रम' या सदरात मिळत होती. मी कार्यक्रमाचं नाव लिहिलं, शेवटची गाडी, वारंवारता, रोज. वरिष्ठांनी जत्राबित्रा समजून मंजुरी दिली. पण कार्यक्रम संपण्याची वेळ टाकावी लागत होती. मी साडेदहा टाकले आणि मोठ्या आनंदानं मामांना फोन केला. ते म्हणाले, "तुजं यंत्र घड्याळ बगतंय, गाडी न्हाई बगत. ट्रेलरामागं अडकली म्हंजी?"

मग आमचं ठरलं. वेळेची चौकट मी सकाळपर्यंत वाढवली. मुली घरात शिरल्या की मामांनी मला फोन करायचा आणि मी माझ्या मोबाइलवरून उजेड कमी करायचा. फोनवर ते एकच शब्द बोलत, "पोचल्या." कधी पावणेदहाला, कधी पावणेअकराला. धाकटीचं कॉलेज सुरू राहिलं.

वर्षाच्या अहवालात त्या रस्त्याचं कौतुक झालं. परिस्थितीनुसार उजेड बदलणारा आदर्श रस्ता म्हणून तो बघायला साताऱ्याहून अधिकारी आले. त्यांनी सेन्सरचे फोटो काढले, स्टँडवरच्या टपरीवर चहा घेतला. त्याच टपरीवर मामा बसले होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही. मी त्या वर्षी मनुष्यबळाच्या रकान्यात 'एक' लिहून बघितलं. वरिष्ठांनी बोलावून समजावलं की बाई, आपण विकतो ते शून्यच आहे. मी परत शून्य लिहिलं. त्या शून्याचं नाव दस्तगीर होतं. तिथं लिहिता आलं नाही, म्हणून इथं लिहिते.

गेल्या माघात एका रात्री फोन आला नाही. गाडी अडकली असेल म्हणून मी अकरापर्यंत वाट बघितली. मग फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. मी दिव्यांना हात लावला नाही. सकाळी मामांच्या सुनेचा फोन आला. संध्याकाळी चहा घेताना छातीत कळ आली आणि दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत.

माती देऊन दुसऱ्या दिवशी कामावर गेले, तर पडद्यावर सूचना आली होती की त्या रस्त्यावर रात्रभर जादा वीज जळाली, कारण नोंदवा. यादीत कारणं चार होती : सेन्सर, नेटवर्क, वीजपुरवठा, इतर. मी 'इतर' निवडलं. पुढच्या लहानशा चौकटीत मावलं तेवढं लिहिलं : दस्तगीरमामा वारले. मुली पोचल्या का ते कळलं नाही, म्हणून दिवे चालू ठेवले.