जिवंत माणसाला श्रद्धांजली

मित्रांनो, सकाळची माझी पोस्ट विसरा. तो जिवंत आहे!

सकाळी चारोटी नाक्यावर तलासरीच्या बसची वाट बघत होतो. मोबाईलवर माझ्या लाडक्या अमेरिकन गायकाचा फोटो आला. कॉलेजपासून ज्याच्या गाण्यांनी वेड लावलं, तोच. ब्लॅक अँड व्हाइट फोटो, खाली दोन सालं आणि मधे आडवी रेघ. आपल्या डहाणूत बॅनरवर असं दिसलं की अर्थ एकच. मी तिथूनच 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकली.

मग तुम्ही सगळे सुरू झालात. जोडलेले हात, रडके चेहरे. 'कालच त्याला ऐकत होतो' असं तर कितीजणांनी लिहिलं.

कामावर न जाता मी घरी परतलो. आई अंगणात दोरीवर बोंबील वाळत घालत होती. माझं तोंड बघून घाबरली. "कोण गेलं रे?"

दुपारी बोर्डीच्या मित्राचा फोन. "येड्या, नीट वाच ना! त्याच्या आजवरच्या निवडक गाण्यांचा अल्बम आलाय. ती सालं गाण्यांची आहेत, पहिल्यापासून आत्तापर्यंतची!"

मी ओरडलोच. धावत जाऊन आईला सांगितलं. वाटलं, हसेल.

ती हसली नाही. "सकाळपासून त्याच्यासाठी रडतोयस," ती म्हणाली, "पण त्याचं गाणं एकही लावलं नाहीस."

शेवटचं कधी लावलं होतं, तेच मला आठवेना.

आता तुम्ही खरं सांगा. काल ऐकत होतात?