आवाज जाळणारा डबा

गिटारच्या मशीनला आवाज कमी करायचा डबा लावावा की लावू नये, असं मला आजही कोणी विचारलं तर मी गप्पच बसतो. विचारणाऱ्याला वाटतं, म्हातारा शिष्ट आहे. शिष्ट कसला, डोंबल! मलाच कळलेलं नाही.

मी तेव्हा अकोल्याला सरकारी कचेरीत कारकून होतो. जुन्या शहरात एका शेतकरी घराण्याच्या घरामागच्या दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या होत्या. आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली माणसं. आडनाव सांगितलं की खोली हमखास ‘कालच गेली’ असायची. या घरमालकानं मात्र आडनाव ऐकलं, तोंडातलं पान थुंकलं आणि म्हणाला, “नळ सकाळीच येते, मंग बोंबलत बसू नका.” बस्स. माणूस सरळ होता. पुढं जो घोळ झाला तोही त्याच्या सरळपणामुळंच झाला.

आई गेल्यावर अंजनगावजवळच्या आमच्या गावाहून मी बाबांना घेऊन आलो. ते यायला तयार नव्हते. “पाहू,” म्हणाले, “करमलं तं राहीन.” त्यांना करमावं म्हणून मी जिवाचं रान करत होतो. गावात ते एकटे, चूल पेटवायलाही कोणी नाही. ते परत गेले तर फार दिवस काढणार नाहीत, ही भीती मला कायम असायची.

बाबा तरुणपणी जलशात गायचे. हातात डफ, समोर गाव, भोंगा वगैरे काही नाही, आणि आवाज शेवटच्या माणसापर्यंत जायचा. जलसा सोडला तर एरवी मोठ्यानं बोलायची सोय नव्हती. वरच्या जातींच्या आळीतून जाताना चार शब्द चढले, नुसतं हसू आलं, तरी ओट्यावरून कोणीतरी म्हणायचं, “आवाज खाली!” हे त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं, तेही माझ्याकडं पाठ फिरवून.

मी जयंतीच्या कार्यक्रमांत गाणाऱ्या पार्टीबरोबर विजेवरची गिटार वाजवत असे. मांडीवर आडवी ठेवायची आणि तारांवरून लोखंडी कांडी सरकवायची. बाबांनी पहिल्या संध्याकाळी ती ऐकली आणि म्हणाले, “हे तं माणसासारखं रडते बे. अजून वाजव.” मग रोज चहा झाला की खाटेवर येऊन बसायचे. मी मनात म्हटलं, जमलं! आता हे राहतात.

गिटारचा आवाज मोठा करणारं मशीन माझ्या बोर्डिंगातल्या एका दोस्तानं बांधलं होतं. अमरावतीला त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. बोलायला लागला की समोरच्याला बोलू देत नसे, आणि निम्मं स्वतःलाच पटलेलं नसे. त्या मशीनची एक खोड होती. बटण कमी ठेवलं तर आवाज डासासारखा पिनपिन करायचा. पूर्ण फिरवलं, काचेचे व्हॉल्व्ह चांगले तापले, की मग ती गिटार काळजाला हात घालायची. म्हणजे वाजवायची तर पूर्ण, नाहीतर नाही.

एका संध्याकाळी घरमालक दारात आला. “बाबूसाहेब, माही लेक बाळंतपणाले आली हाय. भिंतीपल्याडच निजते. लेकरू दचकते. जरा आवाज खाली ठेवा.”

काय चुकलं त्याचं? काही नाही. मी लगेच हो म्हटलं. पण वळून पाहिलं तर बाबा खाटेवरून उठून आत गेले होते. मी मागं गेलो, समजावलं की बाबा, लहान लेकरू आहे, तसं काही नाही. ते म्हणाले, “मी काई म्हणलं काय?” आता बोला!

दोन दिवस मी बटण कमी ठेवून वाजवलं. त्या पिनपिनीला बाबा बाहेरच येईनात. शेवटी रविवारी मशीन घेऊन अमरावती गाठली. दोस्तानं सगळं ऐकलं आणि डोळे चमकवत म्हणाला, “बटनाले हातच नको लावू ना बे! आवाज बाहेर निंगाच्या आधी मधातच खाऊन टाकू.” विजेच्या शेगडीची जाड तार त्यानं एका चिनीमातीच्या नळीवर गुंडाळली, ती तुपाच्या रिकाम्या डब्यात बसवली, डब्याला भोकं पाडली आणि मशीन व स्पीकरच्या मध्ये जोडून दिली. मशीन पूर्ण ताकदीनं चालणार, निम्म्याहून जास्त जोर त्या तारेत जळणार, उरलेला तेवढा स्पीकरला. मी विचारलं, मशीन बिघडणार नाही ना? म्हणाला, बिलकुल नाही. मी निघताना म्हणाला, जपून वाजव, बिघडू बी शकते. असला तो!

घरी लावून पाहिलं. पहिल्या दिवशी मी खूश. तीच गिटार, तेच रडणं, फक्त लांबून आल्यासारखं. दुसऱ्या दिवशी वाटलं, गोधडी पांघरून कोणी गातंय. तिसऱ्या दिवशी वाटलं, नाही, चांगलंच आहे, माझेच कान फिरलेत. घरमालक खूश, लेकरू झोपलं, भाड्याची खोली शाबूत. फायदा सगळा डोळ्यांसमोर दिसत होता, आणि मला मेलं काहीतरी टोचत होतं. काय, ते सापडेना.

बाबा बाहेर आले. ऐकलं. मग वाकून डब्यावर तळहात ठेवला आणि झटक्यात मागं घेतला.

“हे काऊन तापलं?”

“आवाज जळते त्याच्यात, बाबा.”

“म्हंजे मशीन पुरी ताकद लावून वरडून राह्यली, अन् हा डब्बा तिचं तोंड दाबून राह्यला?”

“तसंच काही नाही...”

“मंग कसं?”

तसंच तर होतं. ते खाटेवर बसले, पूर्ण गाणं ऐकलं, पण “अजून वाजव” म्हणाले नाहीत.

बारशाच्या दिवशी घरमालक हसत हसत आला. “बाबूसाहेब, आज ते डबडं काढा. समोरच्या ओसरीत बसा अन् वाजवा दणकून! सारी गल्ली आयकली पायजे!”

समोरच्या ओसरीत. त्याचे सगळे सोयरे जमलेले असताना. हे त्या माणसानं किती सहज म्हटलं! मला भरून आलं. मी उठतच होतो, तेवढ्यात बाबा बोलले.

“आपल्या खोलीत वाजवाचं तं आवाज खाली, अन् तुमच्या ओसरीत वाजवाचं तं वर. मंग बटन कोनाच्या हातात हाय?”

घरमालकाचं हसू तसंच राहिलं. “काकाजी, लेकरू निजत नव्हतं म्हून म्हनलं हो. मी वावगं बोललो काय?”

“नाई,” बाबा म्हणाले. “तुमी भले मानूस आहा. म्हून तं काई बोलताच येत नाई.”

घरमालक माझ्याकडं पाहायला लागला, बाबाही माझ्याकडंच. दोघंही खरे. मला दोघांचाही राग आला आणि दोघांच्याही पाया पडावंसं वाटलं. शेवटी बाबाच म्हणाले, “जाय. लेकराचं बारसं हाय.” मी डबा सोडवला, ओसरीत बसलो आणि पूर्ण बटण फिरवून वाजवलं. लोक वा वा करत होते. बाबा अंगणाच्या कडेला शेवटपर्यंत उभे होते. मला वाटलं, आता निवळलं सगळं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवी भरली. मी हात जोडले, डबा फेकून देतो म्हटलं, खोली सोडतो म्हटलं. ते म्हणाले, “येडा झाला काय? अशी खोली कोन देईन तुले?” बसस्टँडवर अंजनगावच्या गाडीत चढताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “रागावलो नाई मी. तुले जमते, बापू, आवाज खाली ठेवून राहाले. मले आता नाई जमत.”

ही शाबासकी होती की शिवी, ते विचारायच्या आत गाडी हलली. मी तिथंच उभा राहून रडलो. आजूबाजूला माणसांची ही गर्दी, आणि माझं रडणं कोणालाही ऐकू गेलं नाही.