मामांच्या दारात उलटी पॅंट

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, चकवा नावाचं भूत या जगात अस्तित्वात नाही. हे मी राळेगाव तालुक्यातल्या यच्चयावत शाळांत जाऊन सांगितलं आहे आणि यापुढेही सांगणार आहे. फक्त मुकुटबनच्या बाजूला मला कुणी भाषणाला बोलावू नये, ही नम्र विनंती.

चकवा तसा गरीब. मानगुटीवर बसत नाही, रक्त पीत नाही, दिसतसुद्धा नाही. माणसाला एकाच शेताभोवती गरगर फिरवत ठेवायचं, एवढाच त्याचा धंदा. उतारा म्हणजे अंगातले कपडे उलटे करून घालायचे. भाषणात इथं मी एकदम इंग्लंडला जातो! "मुलांनो, तिकडे चिमुकल्या पऱ्या वाट चुकवतात, रशियात जंगलाचा म्हातारा राखणदार चुकवतो, आणि उतारा तोच. कोट उलटा घाला! वेडेपणाला व्हिसा लागत नाही!" (हे वाक्य माझं स्वतःचं आहे. बायकोला ते आवडत नाही.)

माझ्या नामदेवमामांना तर अजिबातच आवडलं नव्हतं. मुकुटबनच्या पलीकडे, जंगलाला लागून असलेल्या खेड्यात ते राहत. त्यांना तरुणपणी चकवा लागला होता आणि तो किस्सा ते प्रत्येक लग्नात सांगत. अशाच एका लग्नात, भर पंगतीत, हातात जिलेबी धरून मी जाहीर केलं, "मामा, मला चकवा लागला ना, तर कपडे उलटे घालून तुमच्या दारात येतो!"

पंगत खदखदून हसली. मामा हसले नाहीत.

"ये बाप्पा," ते म्हणाले. "म्या वाट पाह्यतो."

आणि गेल्या वर्षी, कापूस वेचणीच्या दिवसांत, भर दुपारी फोन आला. मामा गेले.

आई त्यांची एकुलती एक बहीण. मामांनी सांगून ठेवलं होतं, "ताईच्या हातचं पाणी तोंडात पडल्याबिगर मले उचलू नका." लोक थांबायला तयार होते, पण दिवस मावळायच्या आत न्यायचं होतं, आणि सूर्य काही आमच्या नात्यातला नव्हता. आई मागच्या सीटवर बसली. मांडीत तांब्या, तांब्याच्या तोंडाला फडकं बांधलेलं. वाटभर ती एकच वाक्य बोलली. "हळू नको चालवू."

पुढे रस्त्याचं काम सुरू होतं, ट्रकांची रांग लागलेली. मी गाडी शेतांमधल्या पांदण रस्त्याला घातली.

"अहो, वाट माहीत आहे का?" शेजारच्या सीटवरून बायकोनं विचारलं.

"मोबाइलला माहीत आहे."

मोबाइलची रेंज गेली!

कपाशीत एक बुजगावणं उभं होतं. डोक्याला मडकं, अंगात निळा सदरा. त्याच्या उजवीकडून गेलो. थोड्या वेळानं पुन्हा निळा सदरा!

"या भागात एकाच ठाणातलं कापड विकलं जात असणार," मी शांतपणे म्हणालो.

आणखी थोड्या वेळानं पुन्हा तोच!

"बाहीसुद्धा एकाच जागी फाटते वाटतं या भागात," बायको म्हणाली.

"सुधाकर, गाडी थांबव," मागून आई म्हणाली. "चकवा हाय हा."

"आई, याला शास्त्रीय कारण आहे. खुणा नसल्या की माणूस नकळत एकाच बाजूला वळत जातो आणि..."

"ऊन उतरून राह्यलं! भाऊ माहा तिथं पडला हाय, आन तू मले भाषन देऊन राह्यला?"

मग ती रडायला लागली. आवाज नव्हता. फक्त तांब्यावरचं फडकं भिजत होतं.

मी उतरलो. बुजगावण्याच्या साक्षीनं सदरा काढला आणि उलटा घातला.

"प्यांटबी!" आतून हुकूम आला.

पॅंटही उलटी केली. दोन्ही खिसे सशाच्या कानांसारखे बाहेर लोंबायला लागले, आणि नेमक्या त्याच क्षणी वळणावरून कापूस वेचणाऱ्या बायांचा तांडा आला, डोक्यावर गाठोडी घेऊन! मी गाडीत उडी मारली आणि तोंड लपवायला समोर जी वाट दिसली तिच्यात गाडी घुसवली. ही वाट मी मघापासून कुणाचा तरी बांध समजून सोडत होतो. ती सरळ डांबरी रस्त्याला लागली!

(बाया हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांच्यातल्या एका म्हातारीनं मला पाहून हात जोडले.)

"पाहिलंस आई? चकवा वगैरे काही नाही. मी बायांना लाजलो, म्हणून वाट सापडली. कपडे सुलटे करून घेऊ का पटकन?"

"थांबून तं पाह्य!" आई म्हणाली.

पोचलो तेव्हा ऊन सागाच्या शेंड्यांवर गेलं होतं. अंगणात तिरडी बांधून तयार. आई कुणाच्या आधाराशिवाय चालत गेली, खाली बसली, फडकं सोडलं. "नामदेव, आली रे ताई," म्हणाली आणि मामांच्या ओठांवर पाणी सोडलं. ते गालावरून ओघळलं. तिनं पदरानं पुसलं, लहान पोराचं तोंड पुसावं तसं.

त्यानंतर सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

उलट्या कपड्यांचा अर्थ त्या गावात शेंबड्या पोरालाही समजतो. पुरुषांनी माना खाली घातल्या. एकाचे खांदे हलत होते, ते रडण्यानंच असावेत अशी मी स्वतःची समजूत घातली. माझे खिसे वाऱ्यावर डुलत होते.

मामी मामांच्या उशाशी बसली होती. मामा गेल्यापासून दगड झाली होती म्हणे. ना शब्द, ना टिपूस. तिनं माझ्या कॉलरची शिवण पाहिली, मग एक खिसा, मग दुसरा. आणि एकदम मामांचा खांदा धरून गदागदा हलवत, हसत आणि रडत, सगळ्या गावादेखत ओरडली,

"अवो, उठा ना! भाचा आला तुमचा, उलटे कपडे घालून! इतके वर्सं वाट पाह्यली, आन आता कायले निजून राह्यले!"