काल झालेला पाठ

आता काय काय लपवू तुमच्यापासून! माझ्या बी.एड.च्या शेवटच्या पाठाला जी फजिती झाली ना, ती मीच सांगितलेली बरी. दुसरं कुणी सांगेल ते आणखी तिखटमीठ लावून.

तेव्हा मी साताऱ्यात गणित घेऊन बी.एड. करत होते आणि दीड वर्षाची लेक तिकडे कुंडलला सासूबाईंकडे. मागच्या खेपेला गेले, तर पोरगी मला बघून आजीच्या पदराआड लपली! आता नापास झाले, तर आणखी एक वर्ष असंच. मग ती मला आई तरी म्हणणार होती का?

शेवटच्या पाठाला बाहेरचे परीक्षक मागच्या बाकावर बसतात. म्हणून आम्ही सगळ्याजणी आदल्या दिवशीच त्याच वर्गावर तोच पाठ गुपचूप घेऊन ठेवायचो. मीही सातवीला घेतला, त्रिकोणाच्या कोनांच्या बेरजेचा. कागदी त्रिकोणाचे कोपरे फाडले, एका रेषेवर जुळवून दाखवले. मुलं खूश! निघताना बजावलं, "उद्या यातलं काही येतंय असं दाखवायचं नाही हं!"

"व्हय बाई!"

दुसऱ्या दिवशी मागे परीक्षक. जाड भिंगाचा चष्मा, चेहऱ्यावर रेष हलेल तर शपथ.

"मुलांनो, त्रिकोणाला बाजू किती?"

एकही हात वर नाही.

"बरं, फळ्यावर हे काय काढलंय?"

पहिल्या बाकावरची सुमन त्या हातभर त्रिकोणाकडे अशी बघत होती, जणू शेतात उतरलेलं विमानच!

घाबरून मी एकेक पायरी खाली उतरत गेले.

"काटकोन माहीत आहे?"

"न्हाई बाई."

"कोपरा?"

"न्हाई."

"अरे, दोन आणि एक किती?"

मुलं एकमेकांकडे बघू लागली. हे तर काल घेतलं नव्हतं! सांगावं का? पण नाही. वर्गाने इमान राखलं.

परीक्षक उठले. "काय रे, सातवीपर्यंत आलात तरी कसे?"

सुमनला हे झोंबलं. ताडकन उभी राहिली. "आवं सर, आमाला लय येतंय! पर बाईच काल म्हनल्या, येतंय असं दावायचं न्हाई. म्हनून गप हाय आमी!"

आणि सगळा वर्ग माझ्याकडे शाबासकीच्या आशेने बघतोय! जमीन दुभंगावी म्हणतात ना, ती नेमकी अशा वेळी घट्ट असते.

परीक्षक फळ्यापाशी आले. "मग आता तुम्हीच सांगा बाई. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज?"

नव्वद आठवलं. तीनशे साठ आठवलं. लेकीचा चेहरा आठवला. पाहिजे तोच आकडा गायब!

इतक्यात तोंडावर हात धरून सुमन कुजबुजली, "येकशे ऐंशी, बाई…"

"एकशे ऐंशी!" मी किंचाळलेच.

परीक्षकांनी चष्मा काढून शांतपणे पुसला. "मुलांचा पाठ पक्का झालाय. त्यावर पास करतो."

झाले पास. लेकही आली माझ्याजवळ. पण तोंडी परीक्षेत कॉपी करून सुटलेली गणिताची बाई अख्ख्या सातारा-सांगलीत दुसरी नसेल. आणि कॉपी तरी कुणाची? सातवीतल्या पोरीची!