कंसातला डी

भिंगारच्या बाजारात इब्राहिमभाईंचं पेटीदुरुस्तीचं दुकान होतं, आमच्या घरापासून तिसरं. माझे वडील, गोरक्ष, लष्कराच्या छावणीसाठी खोगिरं शिवायचे, आणि पेटीच्या भात्याला लागणारं मऊ कातडं इब्राहिमभाई त्यांच्याकडूनच न्यायचे. पेटीचा सूर नुसत्या कानानं लावणारा माणूस. छावणीतल्या मेसचा पियानो बिघडला की शिपाई सायकलवरून त्यांनाच बोलवायला यायचा.

१९४० सालच्या उन्हाळ्यात मात्र शिपाई आला तो वेगळ्या कामाला. तारांच्या कुंपणाआड कोंडलेल्या जर्मन लोकांच्या कॅम्पात एक पियानो होता, तो लावायचा होता. हे जर्मन सैनिक नव्हते. लढाई लागली तेव्हा हिंदुस्थानात नोकरीधंद्याला असलेले इंजिनियर, व्यापारी, पाद्री असे लोक होते. इब्राहिमभाईंच्या बायकोला, जहिराचाचीला, हे मुळीच आवडलं नाही.

"तुमी जाऊ नका. तिथं आत गेलेल्या मान्साकडं बाहेरचे लोक कसं बघत्यात, ठाऊक हाय ना?"

"पियानोला काय ठाऊक, कोन जर्मन अन् कोन इंग्रज," इब्राहिमभाई म्हणाले आणि हत्यारांची गुंडाळी काखेत मारून निघाले.

पियानोशेजारी एक उंच, वाकलेला माणूस उभा होता. क्राउझे त्याचं नाव. मुंबईत वाद्यांच्या व्यापारात त्याची दहा वर्षं गेली होती, हिंदुस्थानी चांगली बोलायचा. पियानो लावून झाल्यावर त्यानं एक छोटी चाल वाजवली. इब्राहिमभाईंचा कान एका जागी अडखळला. सगळी चाल पांढऱ्या पट्ट्यांवर, शुद्ध स्वरांत, आणि मधेच एक काळी पट्टी.

"हा तीव्र मध्यम कुठनं आला? एकदाच आला अन् गेला. बाकी सगळी चाल तर शुद्ध हाय."

क्राउझे हसला. कॅम्पात आल्यापासून असं कुणी त्याला विचारलं नव्हतं.

त्यानं तीन-तीन स्वर एकदम दाबून दाखवले; अशा जुळणीला तो मेळ म्हणायचा. सा, ग, प हे घर. प, नी, रे हा घराकडं परत ओढणारा मेळ, कारण त्यातला नी सा च्या अगदी दाराशी उभा असतो. इथवर इब्राहिमभाईंना कळलं. "आता," क्राउझे म्हणाला, "पंचमालाच क्षणभर सा समज. त्याचा पंचम कोणता?"

"रे."

"मग रे वर मेळ उभा कर."

इब्राहिमभाईंनी बोटं ठेवली. रे, तीव्र मध्यम, ध. तीव्र मध्यम पंचमाच्या दाराशी येऊन थांबला होता. क्राउझेनं वर चौथा स्वर ठेवला: सा. "प्रत्येक ओढणाऱ्या मेळात चौथा स्वर असाच घालतात. ज्या घराकडं जायचं, त्या घराचा मध्यम." पंचमाचा मध्यम म्हणजे सा. तोच सा, ज्याच्यावर इब्राहिमभाई जन्मभर निश्चिंत बसले होते. जागचा हलला नव्हता, तरी आता तो परक्यासारखा वाजत होता आणि तिथं क्षणभरही टिकत नव्हता. त्यांनी पट्ट्यांवरून हात काढून घेतला.

हे त्यांनी घरी जहिराचाचीला सांगितलं. "सा तोच, पन घर न्हाई ऱ्हायलं, बघ."

त्यानंतर ते चार-पाच वेळा कॅम्पात गेले. पियानो उतरला होता की नव्हता, कोण जाणे. क्राउझेनं त्यांना तोच प्रकार धैवताकडं जाताना कसा करायचा तेही दाखवलं. पण तोवर विलायतेहून वाईट बातम्या यायला लागल्या. फ्रान्स पडला. बाजारात पोस्टरं लागली, अफवा पसरवणाऱ्यांची खबर द्या म्हणून. फाटकावर झडती कडक झाली. वडिलांनी त्यांना बजावलं, "इब्राहिमभाई, आता पुरं. लोक बोलाया लागलेत."

जुलैत एका दुपारी फाटकावरच्या हवालदारानं हत्यारांची गुंडाळी उलगडली. सूर लावायच्या चावीभोवती एक कागदाची घडी होती. कागदावर इंग्रजी अक्षरं. टी, एस, डी. परत टी. आणि दोन ठिकाणी एक डी कंसात.

क्राउझेनं सरावासाठी लिहून दिलेला तो धडा होता. टी म्हणजे घर, एस म्हणजे मध्यमाचा मेळ, डी म्हणजे पंचमाचा, आणि कंसातला डी म्हणजे पुढं येणाऱ्या मेळाचा स्वतःचा पंचम. त्याच्या देशात असंच लिहीत. पण छावणीत रणगाडे होते, डेपो होते, आणि कागद एका जर्मनाच्या हातचा होता.

इब्राहिमभाईंना कोठडीत ठेवलं. त्याच संध्याकाळी दुकानाची झडती झाली. चार पेट्यांचे भाते चाकूनं फाडले. बाजारात सगळे बघत उभे होते, माझे वडीलही. कुणी पुढं झालं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी गोऱ्या अधिकाऱ्यासमोर उभं केलं. मधे दुभाषा कारकून.

"टी म्हणजे टँक?"

"न्हाई साहेब. टी म्हंजे घर."

"आणि डी? डेपो?"

"पंचम, साहेब."

"कंसातला?"

इब्राहिमभाईंनी खरं तेच सांगितलं. "तो दुसऱ्याच्या घराचा पंचम. थोडा वेळ दुसऱ्याचं घर आपलं समजायचं."

कारकुनानं भाषांतर केलं. अधिकाऱ्यानं हळूच विचारलं, "कुणाचं घर?"

तेव्हा इब्राहिमभाईंना पहिल्यांदा कळलं की आपण जेवढं खरं बोलू तेवढे खोल जाऊ. ते एवढंच म्हणाले, "साहेब, मला पियानोपाशी न्या."

मेसमधे नेलं. दोन बंदूकवाले मागं. पलटणीच्या गोवेकर बँडमास्तरला बोलावलं होतं. इब्राहिमभाईंनी कागदावरचा धडा वाजवला. अधिकारी म्हणाला, पाठ केलेलं कुणीही वाजवील. त्यावर बँडमास्तरनं दुसरा कागद घेतला, त्याच खुणांत काही लिहिलं आणि समोर ठेवला. टी, मग कंसात डी, मग एस, डी, टी.

इब्राहिमभाईंनी पहिला मेळ धरला. पुढं कंसातला डी, आणि त्याच्या पुढं एस, म्हणजे मध्यमाचं घर. मध्यमाकडं कसं जायचं ते क्राउझेनं शिकवलंच नव्हतं. मध्यमाचा पंचम कोणता? त्यांनी मनात मोजलं. सा. म्हणजे सा, ग, प. बोटं तर आधीच तिथं होती. घर आणि परक्याचा पंचम एकच. नुसतं परत दाबलं असतं तर कुणालाही वाटलं असतं, याला काही येत नाही.

बंदूकवाल्यानं पाय बदलला. अधिकाऱ्यानं घड्याळ पाहिलं.

चौथा स्वर. ज्या घराकडं जायचं, त्या घराचा मध्यम. मध्यमाचा मध्यम कोणता? त्यांचं करंगळीचं बोट काळ्या पट्टीवर गेलं. कोमल निषाद. दाबल्याबरोबर ते घर पायाखालून सरकलं आणि मेळ मध्यमावर जाऊन उतरला. पुढचं सहज वाजलं.

बँडमास्तर अधिकाऱ्याकडं वळला. "हे संगीत आहे, सर. आणि ह्याला ते समजलेलं आहे."

दुपारी सोडलं. पण कागद परत दिला नाही आणि छावणीत जायचा पास फाडला. "चौकशी संपलेली नाही," असं कारकुनानं फाटकाशी सांगितलं. क्राउझेला त्यांनी पुन्हा पाहिलं नाही. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला सगळे जर्मन दुसरीकडं हलवले.

बाजारानं इब्राहिमभाईंना 'जर्मन' नाव दिलं. भजनी मंडळांच्या पेट्या शहरात दुरुस्तीला जायला लागल्या. माझ्या वडिलांनी कातडं देणं बंद केलं. छावणीचं काम जाईल ही भीती त्यांना होती, आणि ती खोटी नव्हती. पण म्हातारपणी ते मला म्हणाले, "त्याचे भाते मीच शिवलेले. फाडताना बघत हुतो मी."

दुकानात इब्राहिमभाई कधीमधी हलक्या हातानं मेसमधले ते चार स्वर दाबायचे. मग जहिराचाची आतून येऊन रस्त्याकडची फळी लावून घ्यायची, भर दुपारीसुद्धा.

लढाई संपली. इंग्रज गेले. सुटल्यापासून हजेरीची वही घेऊन येणारा पोलीस मात्र दर महिन्याला येत राहिला. १९४९ साली कानिफनाथ नावाचा नवा शिपाई आला, श्रीगोंद्याकडचा, तरणा. वहीतलं वाचताना त्यालाच काही उमगत नव्हतं.

"चाचा, ह्यो जर्मन कोन? कागद लिहितो का तुमाला?"

"न्हाई."

"मंग तुमच्यावर हजेरी कशापायी?"

इब्राहिमभाईंनी टाक उचलला. कानिफनाथनं वही पुढं केली, त्यांनी सही केली.

"तसं काय न्हाई, चाचा," तो ओशाळून म्हणाला, "पन पुढल्या महिन्यात दहा तारखेला घरीच ऱ्हावा. वरनं साहेब येनार हायेत. ती जुनी चौकशी अजून मिटली न्हाई म्हनं, नाव घेऊन विचारलंय तुमचं."