सरसकट सत्कार

आमच्या कोपरच्या सोसायटीत पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं की पार्किंगमध्येच गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो. गुणवंत म्हणजे पंच्याहत्तर टक्क्यांच्या वरचे. त्याखालचे नुसतेच विद्यार्थी. त्यांनी खुर्च्या मांडायच्या आणि सामोसे वाटायचे. माझी मुलगी सामोसे फार छान वाटायची.

ती अठ्ठावन्न टक्क्यांनी नववी पास झाली. त्याच सुमारास तिच्या क्लासने पालकांसाठी एका समुपदेशक बाईंचं व्याख्यान ठेवलेलं. बाई म्हणाल्या, आपण कुणीतरी आहोत असं मुलांना वाटलं की मार्क आपोआप वाढतात. मला हे एकदम पटलं. खरं तर संशय यायला हवा होता. माझं स्वतःबद्दलचं मत लहानपणापासून इतकं चांगलं आहे की त्या हिशेबाने मी बोर्डात यायला हवा होतो. बारावीला मला एक्कावन्न टक्के होते.

पण त्या वर्षी मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो, आणि हातात शिक्का आला की माणसाला सुधारणा सुचतात. मीटिंगमध्ये मी मुलांच्या आत्मसन्मानावर एवढं बोललो की चेअरमन म्हणाले, करू सगळ्यांचा सत्कार, सरसकट करू, पण आता बसा. बायकोने एवढंच विचारलं, पोरीला विचारलंस का. मी म्हटलं, सरप्राइज आहे.

नियम बदलला, नावं वाचायची पद्धत तीच राहिली: माइकवरून, टक्क्यांसकट, वरून खाली. हे माझ्या डोक्यात शिरलं तेव्हा चेअरमन ब्याण्णवचा सत्कार करत होते. मग ऐंशी, मग बहात्तर. आकडे उतरत होते तशा टाळ्याही विरळ होत होत्या. साठच्या आतली मुलं आमच्या दोन्ही विंगमध्ये भरपूर आहेत, पण त्यांच्या आईबापांनी शहाणपणाने मार्कशीट दिलीच नव्हती. दिलेली फक्त मी.

"आणि शेवटी आपल्या सेक्रेटरींची कन्या," चेअरमन म्हणाले. "अठ्ठावन्न टक्के. तिच्यासाठीपण जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या."

झाल्या. ब्याण्णववालीला पडल्या नव्हत्या एवढ्या झाल्या. पोरीने पेन घेतलं, फोटोसाठी हसली, कारण फोटो मीच काढत होतो, आणि सवयीने सामोशांच्या टेबलाकडे वळली. तिथल्या काकूंनी तिला प्रेमाने परत पाठवलं, आज तुझा सत्कार आहे ना, तू बस. ती न बसता वर निघून गेली.

"बाबा, कालपर्यंत माझे मार्क आपल्या तिघांनाच माहीत होते," मी वर गेल्यावर ती म्हणाली. त्यावर मी आत्मविश्वास वगैरे काहीतरी बोललो. बायकोने मला चहा टाकायला पाठवलं.

दहावीचं वर्षभर ती खाली खेळायला गेली नाही. क्लासमध्ये शंका विचारणंही बंद केलं. अडलेलं गणित सुटेपर्यंत एकटीच घेऊन बसायची. निकाल लागला, एकोणऐंशी टक्के. त्या समुपदेशक बाईंचं म्हणणं खरं ठरलं असं मी ऑफिसात दोघातिघांना सांगूनही टाकलं. घरी येऊन तिला म्हटलं, बघ, मी म्हणत होतो ना, तू हुशार आहेस.

"हुशार नाहीये मी," ती म्हणाली. "परत वाचून दाखवतील म्हणून अभ्यास केला."

तेवढ्यात चेअरमनचा फोन. काय झालं लेकीचं, यंदा मार्कशीट लवकर पाठवा, ट्रॉफ्या आधी सांगाव्या लागतात. मी फोनवर हात ठेवून तिच्याकडे बघितलं.

"सांग, नापास झाली."

मी सांगितलं. चेअरमन फार मायेने बोलले. जुलैत परत परीक्षा असते म्हणाले, पोरीला काही बोलू नका, आणि हे आपल्या दोघांतच राहील, माझ्या मिसेसलासुद्धा सांगणार नाही.

मी फोन ठेवला. निकाल लागल्यापासून न जेवलेली पोरगी उठली आणि स्वतःचं ताट वाढून घेतलं.